दुसरा ब्राउझर म्हणजे स्टेपनी: कोणता ठेवावा आणि कसा सांभाळावा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोजचं सगळं काम क्रोममध्ये चालतं. महिन्यातून दोन-तीनदा एखादी सरकारी साइट त्यात अडकते, कधी मिस्टरांचं नेटबँकिंग तुमच्यापेक्षा वेगळं उघडायचं असतं. लॅपटॉप विंडोज ११चा, रॅम ८ जीबी. कधीमधी वापरायला एकच जास्तीचा ब्राउझर टाकायचा आहे, तर कोणता टाकावा?

फायरफॉक्स टाका. एज तुमच्या विंडोजमध्ये आधीपासून आहेच, तो तिसरा म्हणून राहू द्या. याच्यापुढे काही टाकू नका.

पण नुसतं नाव सांगून भागणार नाही. मी अठरा वर्षं कराड-सातारा भागातल्या कर सल्लागारांच्या, पतसंस्थांच्या आणि शाळांच्या ऑफिसांतले संगणक बघतोय. दुसरा ब्राउझर बहुतेकांच्या मशीनवर असतो, आणि लागतो त्याच दिवशी तो चालत नाही. गाडीच्या डिकीतल्या स्टेपनीसारखं आहे हे. पंक्चर झाल्यावर ती बाहेर काढायची आणि तिच्यातच हवा नाही, हे मी फार वेळा पाहिलंय. म्हणून कोणता ते सांगतोच, पण कसा ठेवायचा तेही नीट सांगतो.

आधी एक गोष्ट तपासा. तुमच्या दोन गरजांपैकी दुसरी, म्हणजे मिस्टरांचं खातं, ही खरं तर दुसऱ्या ब्राउझरची गरजच नाही. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यात गोल चित्र असतं, तिथून त्यांच्या नावाची वेगळी प्रोफाइल काढता येते. प्रोफाइल वेगळी म्हणजे कुकी (तुमची ओळख लक्षात राहावी म्हणून साइट ठेवते त्या छोट्या नोंदी) वेगळ्या, पासवर्ड वेगळे, बुकमार्क वेगळे, एक्स्टेंशनही (ब्राउझरला वरून जोडलेल्या छोट्या सोयी) वेगळी. एकाच घरात दोन कपाटं, दोघांच्या किल्ल्या वेगळ्या. बरेच जण यासाठी इन्कॉग्निटो, म्हणजे क्रोमची मागे नोंद न ठेवणारी खिडकी, वापरतात आणि गोंधळतात, कारण इन्कॉग्निटोच्या सगळ्या उघड्या खिडक्या मिळून एकच कपाट असतं. एका खिडकीत तुमचं लॉगिन केलं आणि दुसऱ्या इन्कॉग्निटो खिडकीत त्यांचं करायला गेलात, तर साइटला एकच माणूस दिसतो.

इन्कॉग्निटोचा खरा उपयोग वेगळा आहे: साइट का अडकली हे शोधण्यासाठी. तिथे जुन्या कुकी नसतात आणि तुम्ही मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेंशनही बंद असतात. साइट साध्या खिडकीत अडते आणि इन्कॉग्निटोत चालते, याचा अर्थ ब्राउझर ठीक आहे; साचलेली कुकी किंवा एखादं एक्स्टेंशन आड येतंय. त्या साइटपुरत्या कुकी काढल्या की झालं. माझ्याकडे "क्रोममध्ये चालत नाही" म्हणून येणाऱ्या तक्रारींत हा प्रकार फार असतो. इन्कॉग्निटोतही अडली, तरच दुसऱ्या ब्राउझरकडे वळायचं.

आता फायरफॉक्सच का, ते.

ब्राउझरची नावं पुष्कळ आहेत, पण कुळं तीनच. पान वाचून ते पडद्यावर मांडणारा आतला भाग म्हणजे इंजिन. क्रोमचं इंजिन ब्लिंक. एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, झोहो या भारतीय कंपनीचा उला, हे सगळे त्याच ब्लिंकवर चालतात. ॲपलच्या सफारीचं वेबकिट. फायरफॉक्सचं गेको. ब्लिंक आणि वेबकिटसुद्धा तसे चुलतभाऊच: लिनक्सच्या केडीई प्रकल्पातलं केएचटीएमएल हे मूळ, त्यातून ॲपलने वेबकिट घडवलं आणि २००३ साली सफारी आणला, पुढे २०१३ साली गूगलने वेबकिटमधून फुटून ब्लिंक काढलं. त्याच वर्षी ऑपेराने स्वतःचं इंजिन सोडून हाच रस्ता धरला. मायक्रोसॉफ्टनेही आपलं इंजिन बाजूला ठेवून जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर, म्हणजे क्रोमच्या खुल्या मूळ कोडवर, बांधलेला नवा एज आणला. विंडोजवर आज ब्लिंकच्या कुळाबाहेरचा, नीट सांभाळला जाणारा आणि सगळ्यांना पेलणारा ब्राउझर म्हणजे फायरफॉक्सच.

म्हणून क्रोमला जोडीदार म्हणून ब्रेव्ह किंवा ऑपेरा घेतला तर रंग बदलतो, इंजिन तेच राहतं. क्रोमच्या नव्या आवृत्तीत एखादी गोष्ट मोडली, तर ती याच आठवड्यात नाही तर पुढच्या आठवड्यात त्यांच्यातही मोडते. सुरक्षेचं भगदाड सापडलं तर ते सगळ्यांत सापडतं. पर्याय म्हणून ठेवलेली वस्तू मूळ वस्तूबरोबरच बंद पडू नये, एवढं तरी बघायला हवं. याचा अर्थ फायरफॉक्स घेतला की सगळ्यातून सुटका असा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये वेबपी प्रकारची चित्रं उघडणाऱ्या लायब्ररीत, म्हणजे तयार कोडच्या संचात, गंभीर दोष सापडला, ती लायब्ररी क्रोममध्येही होती आणि फायरफॉक्समध्येही. दोघांनाही तातडीने अपडेट काढावं लागलं. तरी इंजिन वेगळं असल्याचा फायदा रोजच्या कामात जाणवतोच.

उलटी बाजूही सांगतो, नाहीतर पहिल्याच दिवशी तुमचा हिरमोड होईल. आपल्याकडच्या बऱ्याच साइट बनवणारे फक्त क्रोमवर तपासून मोकळे होतात. अशी साइट फायरफॉक्समध्ये वाकडी दिसते, कधी "कृपया क्रोम वापरा" म्हणून दारातच थांबवते. त्या वेळी तिसरा, म्हणजे एज कामाला येतो. इंजिन क्रोमचंच, पण तुमच्या कुकी नाहीत, एक्स्टेंशन नाहीत, कोरी पाटी. आणि एजजवळ एक गोष्ट आहे जी दुसऱ्या कुणाकडे नाही: आयई मोड, म्हणजे जुन्या इंटरनेट एक्स्प्लोररसारखं पान उघडायची सोय. इंटरनेट एक्स्प्लोरर १५ जून २०२२ला निवृत्त झाला, पण त्याच्यासाठीच लिहिलेल्या, ॲक्टिव्हएक्स (त्यातच चालणारे जोड-प्रोग्रॅम) लागणाऱ्या जुन्या प्रणाली काही ऑफिसांत अजून जिवंत आहेत. एजच्या सेटिंग्जमध्ये डीफॉल्ट ब्राउझरच्या पानावर आयई मोडची परवानगी देता येते आणि तिथेच त्या साइटचा पत्ता जोडता येतो. जोडलेला पत्ता ३० दिवसांनी आपोआप निघून जातो, तेव्हा पुढच्या महिन्यात "काल-परवापर्यंत चालत होतं" असं वाटलं तर आधी ती यादी बघा. मायक्रोसॉफ्टने आयई मोड किमान २०२९पर्यंत चालू ठेवण्याचं सांगितलंय.

आता सर्टिफिकेटचा विषय. इथे जरा थांबतो, कारण डिजिटल सही करणाऱ्या प्रत्येकाची फायरफॉक्सशी पहिली झटापट इथेच होते.

साइट खरी आहे हे ब्राउझर ओळखतो ते त्या साइटच्या सर्टिफिकेटमुळे. ते सर्टिफिकेट कुणी दिलं, देणाऱ्याला कुणी मान्यता दिली, असं मागे मागे जात शेवटी एका मूळ सर्टिफिकेटशी येऊन थांबतं. ते मूळ सर्टिफिकेट ब्राउझरच्या विश्वासाच्या यादीत असेल तर साइट सरळ उघडते, नसेल तर इशारा. फायरफॉक्स ही यादी स्वतःची ठेवतो, विंडोजबरोबर आलेल्या यादीवर चालत नाही. हा फरक किती मोठा ठरू शकतो हे जुलै २०१४ मध्ये दिसलं. आपल्या एनआयसीच्या (केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या) सर्टिफिकेट देणाऱ्या यंत्रणेतून गूगलच्या काही पत्त्यांसाठी बनावट सर्टिफिकेटं निघाली. एनआयसीच्या वरचं मूळ सर्टिफिकेट भारताच्या कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज, म्हणजे सीसीएचं. ते मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, त्यामुळे विंडोजवर विश्वास टाकणाऱ्या प्रोग्रॅमना धोका होता. फायरफॉक्सच्या यादीत ते नव्हतंच, म्हणून त्याला झळ लागली नाही. पुढे २०२३ साली केंद्र सरकारने देशी ब्राउझरसाठी स्पर्धा जाहीर केली, तेव्हा सीसीएचं मूळ सर्टिफिकेट आत असावं आणि टोकन (सहीची किल्ली असलेला पेन ड्राइव्हसारखा तुकडा) लावून डिजिटल सही करता यावी, या अपेक्षा तिच्यात होत्या. मार्च २०२५ मध्ये निकाल लागला आणि झोहोचा संघ पहिला आला. उला पुढे कसा होतो हे मी आवडीने बघतोय. पण आज तुमच्या प्रश्नापुरतं बोलायचं तर तोही क्रोमियमचाच, त्यामुळे क्रोमची स्टेपनी म्हणून तो घेऊ नका.

तर सहीचं काम असं चालतं: यूएसबी टोकन लावायचं, सही करणारी छोटी युटिलिटी संगणकावर चालू ठेवायची, आणि पोर्टलचं पान ब्राउझरमधून लोकलहोस्टवर, म्हणजे तुमच्याच संगणकाच्या आतल्या पत्त्यावर, त्या युटिलिटीशी बोलतं. युटिलिटीचं सर्टिफिकेट बहुधा तिने स्वतःच स्वतःला दिलेलं असतं. क्रोम आणि एजला ते विंडोजच्या यादीत टाकलेलं चालतं. फायरफॉक्स पूर्वी आपणहून तिकडे बघायचा नाही. १२०व्या आवृत्तीपासून वापरणाऱ्याने विंडोजमध्ये हाताने टाकलेली मूळ सर्टिफिकेटं तो मानतो. तरीही कधी युटिलिटीचा लोकलहोस्टचा पत्ता वेगळ्या टॅबमध्ये उघडून "ॲडव्हान्स्ड", मग "ॲक्सेप्ट द रिस्क" असं एकदा दाबावं लागतं. हे फक्त स्वतःच्या संगणकावरच्या, स्वतः बसवलेल्या युटिलिटीसाठीच दाबा. बँकेच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही साइटवर असा इशारा आला तर टॅब बंद करा. क्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्याही अशा आतल्या पत्त्याशी बोलण्याआधी परवानगी विचारतात. घाईत "ब्लॉक" दाबलं जातं आणि मग सहीचं बटण मुकाट बसून राहतं. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर टिचकी मारून ती परवानगी परत देता येते.

स्टेपनीतली हवा म्हणतो ती अपडेटची. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांच्याही नव्या आवृत्त्या दर काही आठवड्यांनी येतात, मधल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगळ्या. रोजचा ब्राउझर उघडा असतो म्हणून आपोआप ताजा राहतो. आठ महिने न उघडलेला ब्राउझर आठ महिने जुना असू शकतो. विंडोजवर फायरफॉक्स बंद असतानाही पार्श्वभूमीत अपडेट घेऊ शकतो, पण जुन्या ऑफिस मशीनवर ती सोय कुणीतरी बंद केलेली असते किंवा टास्क शेड्यूलरमधून (विंडोजच्या ठरलेल्या वेळी करायच्या कामांच्या यादीतून) उडालेली असते.

एक प्रसंग सांगतो. एका कर सल्लागारांच्या ऑफिसात विवरणपत्र भरायची शेवटची तारीख, संध्याकाळचे साडेसहा. क्रोममध्ये सही होईना, म्हणून त्यांच्या सहायकाने फायरफॉक्स उघडला. तो वर्षभर कुणी उघडलाच नव्हता. उघडताक्षणी वर पट्टी आली, सगळी ॲड-ऑन (फायरफॉक्समध्ये एक्स्टेंशनना हेच म्हणतात) बंद. साइटची कागदपत्रं उघडेनात. मला फोन आला तेव्हा तो सहायक अपडेट करत होता, आणि ते ऑफिस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर होतं, म्हणजे अपडेटची टक्केवारी मुंगीच्या पावलाने चाललेली. मी फोनवरूनच त्याला एज उघडायला लावलं, युटिलिटी बंद करून परत चालू करायला सांगितली, आणि साडेआठला काम झालं. ॲड-ऑन बंद पडण्याचं कारण नंतर मशीन बघितल्यावर कळलं. फायरफॉक्सच्या आत ॲड-ऑन तपासण्यासाठी असलेलं एक मूळ सर्टिफिकेट १४ मार्च २०२५ला संपलं होतं. आवृत्ती १२८ किंवा त्यापुढची असती, किंवा ईएसआर, म्हणजे जास्त काळ सांभाळल्या जाणाऱ्या प्रकारातली, ११५.१३ आणि पुढची, तर काहीच झालं नसतं. त्या मशीनवरची आवृत्ती त्याच्या आधीची होती. दोन तास त्या मुलाच्या जिवाला जो घोर लागला तो वीस सेकंदांच्या कामाने टळला असता.

म्हणून दर महिन्याच्या एक तारखेला फायरफॉक्स उघडा, उजवीकडच्या तीन आडव्या रेघांच्या मेनूत हेल्प, त्यात अबाउट फायरफॉक्स. ती छोटी खिडकी उघडली की तपासणी आपोआप सुरू होते. "अप टू डेट" दिसलं की बंद करा. एजचंही तसंच, हेल्प अँड फीडबॅकमध्ये अबाउट. मी माझ्या ऑफिसांत हे वीजबिल भरायच्या दिवसाला जोडून दिलंय.

बसवताना काय करायचं ते आता. फायरफॉक्स तो बनवणाऱ्या मोझिलाच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या, पत्ता हाताने टाईप करून. शोधात वर येणाऱ्या जाहिरातीवर टिचकी मारून नको. पहिल्यांदा उघडला की तो विचारतो, क्रोममधले पासवर्ड आणि बुकमार्क आणू का. नको म्हणा. डीफॉल्ट ब्राउझर करू का? नको. खातं काढून सिंक करू का? तेही नको. या तीन नकारांमुळेच तो खरा दुसरा राहतो. क्रोमचा सगळा पसारा त्यात आणला तर क्रोममधली अडचणही बरोबर येते, आणि तुमचे पासवर्ड एकाऐवजी दोन ठिकाणी पडून राहतात. कुणी पासवर्ड सीएसव्ही फाइलमध्ये काढून हलवायला सांगितलं तर मुळीच करू नका. त्या फाइलीत सगळं उघड्या अक्षरांत असतं आणि ती डाउनलोड फोल्डरमध्ये वर्षानुवर्षं राहते. मी अशी फाइल एका शाळेच्या सगळ्यांना खुल्या असलेल्या फोल्डरमध्ये पाहिली आहे.

मग सेटिंग्जमधल्या प्रायव्हसी अँड सिक्युरिटीमध्ये जाऊन, फायरफॉक्स बंद केल्यावर कुकी आणि साइट डेटा पुसण्याची सोय चालू करा. ज्या एक-दोन साइटची ओळख टिकावी असं वाटतं त्या अपवादात टाका. यामुळे तुमचा दुसरा ब्राउझर दर वेळी कोरा उघडतो, आणि क्रोमची अडचण पारखायला कोरा ब्राउझरच हवा असतो.

एक्स्टेंशन किती? शून्य. लोक इथे माझ्याशी वाद घालतात, कारण यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन पूर्ण ताकदीने चालतं ते फायरफॉक्समध्येच. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही-थ्री, म्हणजे एक्स्टेंशनचे नवे नियम, सक्तीचे केल्यापासून तिथे त्याची लाइट आवृत्ती वापरावी लागते. बातम्या वाचायला, जाहिरातींनी भरलेली पानं बघायला फायरफॉक्स ठेवणार असाल तर यूब्लॉक ओरिजिन जरूर टाका, मी स्वतः रोज वापरतो. पण तुम्हाला तो बँकेसाठी आणि अडलेल्या सरकारी साइटसाठी हवा आहे. पुष्कळ एक्स्टेंशन आपण उघडलेलं प्रत्येक पान वाचू शकतात, ती परवानगी बसवतानाच दिलेली असते. चांगलं एक्स्टेंशन उद्या दुसऱ्या कुणी विकत घेतलं तर ती परवानगी त्याच्याकडे जाते. बँकेचं पान उघडणाऱ्या ब्राउझरमध्ये तिसऱ्या माणसाला बसायला खुर्चीच नको.

आणि त्याला वेगळा रंग द्या. थीममधून गडद लाल किंवा हिरवा. दोन्ही ब्राउझर सारखेच पांढरे दिसत असले की घाईत माणूस चुकीच्या खिडकीत टाईप करतो. एका पतसंस्थेत आम्ही बँकेसाठीचा ब्राउझर लाल केला, तेव्हापासून तिथल्या कॅशियर बाई म्हणतात, "लाल उघडलं की फक्त बँक." एवढी साधी शिस्त कुठल्याही सॉफ्टवेअरने लागली नसती.

रॅमची काळजी करू नका. बंद ब्राउझर रॅम खात नाही, डिस्कवर काहीशे एमबी जागा घेतो. फक्त एजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिमच्या भागात स्टार्टअप बूस्ट आणि बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालत राहण्याची सोय, दोन्ही बंद करा. तो तिसरा आहे, त्याने सकाळपासून जागं राहायचं कारण नाही.

बाकीच्यांबद्दल पटकन. ब्रेव्ह चांगला आहे, जाहिराती अडवण्यात तर फारच, पण रोजचा म्हणून. विवाल्डी ज्यांना शंभर टॅब लावून बसायचं असतं त्यांच्यासाठी. टॉर ब्राउझर (तुमचा ठावठिकाणा लपवणारा) फायरफॉक्सवरच बांधलेला, पण त्यातून बँकेत जाऊ नका. तुम्ही परदेशातून आल्यासारखं दिसतं आणि खातं अडकू शकतं. कुणी पेन ड्राइव्हवर जावा घातलेला जुना पोर्टेबल फायरफॉक्स देऊ केला, "यात जुनी साइट चालते" म्हणून, तर घेऊ नका. क्रोमने २०१५ साली आणि फायरफॉक्सने २०१७ साली जुनी प्लगइन बंद केली ती भोकं बुजवण्यासाठीच. ती परत उघडून नेटवर जायचं म्हणजे दार काढून ठेवून झोपणं.

मोबाइलचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. अँड्रॉइडवर फायरफॉक्स हा खराखुरा वेगळा ब्राउझर आहे. आयफोनवर आपल्याकडे कुठलंही नाव घ्या, आत वेबकिटच असतं, त्यामुळे तिथे दुसरं इंजिन म्हणून काही मिळत नाही. जुन्या फोनवर यूसी ब्राउझर अजून पडून असेल तर काढून टाका. जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये तो होता, आणि त्याला तेव्हापासून इथे अपडेट मिळालेलं नाही असंच धरून चाला.

एवढं बसवून झालं की ती सरकारी साइट परत उघडून बघा: आधी क्रोममध्ये इन्कॉग्निटोत, मग फायरफॉक्समध्ये, मग एजमध्ये. तिन्हीकडे अडली तर मला तीन गोष्टी लिहून पाठवा: पडद्यावरचा इशारा शब्दशः जसा आहे तसा, तो कुठलं बटण दाबल्यावर येतो ते, आणि तेव्हा सहीचं टोकन लावलेलं होतं की नाही. फोटो पाठवलात तर पत्त्याची पट्टी त्यात येऊ द्या, खाते क्रमांक मात्र झाका.